वास गेल्याची तारीख

दारावर थापा पडायला लागल्या तेव्हा तो बाहेरच्या खोलीत प्रबंधाचं तिसरं प्रकरण तपासत बसला होता, आणि थापा अशा होत्या की त्याला भीती वाटायच्या आधी रागच आला. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई. गळ्यात मोजायची टेप, नाकाशी धरलेला अस्तराचा तुकडा, डोळे मोठे. "अहो, आहात का? की गेलात?" एवढं म्हणून उत्तराची वाट न बघता त्या त्याच्या बाजूने आत घुसल्या, स्वयंपाकघरात गेल्या, खटकन काहीतरी बंद केलं आणि धाडधाड खिडक्या उघडल्या. तो मागोमाग गेला. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं, त्याने आच विझली होती, आणि बटण मात्र इतका वेळ चालूच राहिलं होतं. "सगळा जिना गॅसने भरलाय," ताई म्हणाल्या. "मला खाली मशीनवर बसून वास आला, आणि तुम्ही भिंतीपलीकडे बसून वाचताय! नाक काय गहाण टाकलंय?" "सर्दी झालीय थोडी," तो म्हणाला. त्याला सर्दी झाली नव्हती. "सर्दी झालीय म्हणे," खिडकीला कडी अडकवत ताई म्हणाल्या, "काडी ओढली असतीत ना, कायमची बरी झाली असती." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून जरा नरमल्या, ओट्यावरचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि पुटपुटत जिना उतरल्या.

ताई गेल्यावर तो शेगडीवर वाकला. बर्नरच्या कडेने साय करपून काळी झाली होती. करपलेल्या दुधाचा वास त्याला आला. चांगला स्पष्ट आला. मग सवयीने त्याने डोळे मिटले, आणि वास गेला. डोळे उघडले, आला. मिटले, गेला. त्याने हे चार-पाच वेळा करून पाहिलं, कारण एकदा केलेल्या प्रयोगाला तो प्रयोग म्हणत नसे. वास नाकातून येत नव्हता. काळी साय दिसली की डोकं आपल्या जुन्या साठ्यातून करपलेल्या दुधाचा वास काढून पुढे करत होतं, एखाद्या प्रामाणिक कारकुनाने मागितलेली फाइल आणून द्यावी तसं. त्याने कांदा फोडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, वास आला नाही. कॉफीचा डबा डोळे मिटून नाकाशी धरला तर आत कॉफी आहे की माती, हे सांगता येईना. मग त्याने शेगडी पुसली, सावकाश, कोपऱ्यांसकट पुसली, आणि फडकं धुऊन वाळत घातलं.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर त्याने डॉक्टर गाठला असता, घरच्यांना सांगितलं असतं, जेवणात मजा राहिली नाही म्हणून चार दिवस कुरकुर केली असती. याची गोष्ट वेगळी होती. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या संस्थेत त्याचं नाक हे एक उपकरणच होतं. तळमजल्यावर टोकाला कार्बनची खोली होती आणि ती त्याची होती. तिथे मोजायचा तो समुद्राच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन, म्हणजे कुजलेलं शेवाळ, माशांची विष्ठा, नदीने आणलेला पाचोळा, सगळ्या जित्या-मेल्यांचा मिळून उतरलेला अर्क. तो गाळणीत अडकत नाही, डोळ्यांना दिसत नाही, बादलीभर समुद्रात चिमूटभरही भरत नाही. पण सगळे समुद्र मिळून हिशेब केला तर हवेतल्या कार्बनच्या तोडीस तोड निघतो. पाण्यातले जिवाणू तो खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. पाणी तापलं की त्यांची भूक वाढते, आणि नेमका त्याच वेळी पाण्यात प्राणवायू कमी मावतो. उबदार समुद्राचं सगळं दुखणं एवढंच आहे, असं तो नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायचा आणि लगेच त्यांना हात धुवायला पाठवायचा. कारण हाताला लावलेलं क्रीम, केसांचं तेल, कपड्यांवरचा सेंट, हे सगळं हवेत उडणारा कार्बनच. उघड्या कुपीत त्याचा लवलेश उतरला तरी यंत्र भाबडेपणाने तो समुद्राच्या नावावर मांडतं.

म्हणून दारात उभं राहायचं, सरांनी वास घ्यायचा, मग आत यायचं, असा त्या खोलीचा रिवाज पडला होता. वास येतो का हे सांगणारं दुसरं काही यंत्र नव्हतं असं नाही, पण ते महाग होतं आणि सरांचं नाक फुकट होतं. मागे एकदा खुद्द संचालक पाहुण्यांना घेऊन आले, तर याने त्यांना उंबऱ्यावर थांबवलं आणि म्हणाला, दाढीनंतर जे लावलंय ते धुऊन या. संचालक हसले, पण धुऊन आले. मुलं पाठीमागे त्याला 'नाक' म्हणत, आणि हे त्याला माहीत होतं, आणि आवडतही होतं. लहानपणी आई दुधाचं पातेलं त्याच्यापुढे धरायची, "बघ रे, नासायला आलंय का," आणि तो म्हणेल ते घरात प्रमाण. वडील संध्याकाळी दारात आले की कुठून आले हे त्याला सांगता यायचं, छापखान्यातून की कोपऱ्यावरच्या मित्राच्या दुकानातून. ते चोरून सिगरेट ओढत हे घरात फक्त त्याला ठाऊक होतं. वडिलांनाही ते ठाऊक होतं. दोघे एकमेकांकडे बघत आणि आई ताट वाढत असे. त्याने कधी ताकास तूर लागू दिली नाही, आणि त्या बदल्यात वडिलांनी त्याला कधी मारलं नाही, इतका साधा तो करार होता. लग्नानंतर बायकोलाही त्या नाकाचा जाच झालाच. त्याच्या कपड्यांना तिचा वास लागायचा, कपड्यांबरोबर तो खोलीत जायचा, म्हणून तिने पहिल्याच वर्षी सगळी तेलं आणि अत्तरं मैत्रिणींना वाटून टाकली आणि बिनवासाच्या साबणाच्या वड्या आणायला लागली. त्याने तसं सांगितलं नव्हतं. फक्त एकदा म्हणाला होता, "आज आकडे जरा वर आलेत."

बस त्याने सोडून दिली आणि तो संस्थेकडे चालत निघाला. बेकरीवरून जाताना पावाचा वास आला, म्हणजे आत भट्टीतून निघणारे पाव दिसले म्हणून आला. पेट्रोल पंपाचा आला. उघड्या गटाराचा आला. प्रत्येक ठिकाणी तो डोळे मिटून उभा राहायचा आणि वास निघून जायचा, आणि रस्त्यातली माणसं या मध्येच थांबून डोळे मिटणाऱ्या सभ्य गृहस्थाला वळसा घालून पुढे जात. त्याला वाटलं, हे कधीपासून चाललंय? आज सकाळी वास गेला असं थोडंच आहे. काल जेवताना येत होता का? परवा? तो घरात एकटा होता. लेकीच्या बाळंतपणासाठी बायको हिवाळ्यात दुसऱ्या शहरात गेली ती बाळ बसायला लागलं तरी आली नव्हती, आणि आता पोर रांगायला लागलं की येते म्हणत होती. भाजी करपली की 'अहो, वास येतोय' म्हणणारं घरात कुणी नव्हतं. करपलेलं तो तसंच खात आला असणार. चवीतही फार काही राहिलं नव्हतं हे आता त्याला आठवलं, पण एकट्याच्या स्वयंपाकाला चव नसायचीच म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि इतका वेळ ज्या विचाराला तो बगल देत होता तो संस्थेचं फाटक दिसल्यावर समोर येऊन उभा राहिला. दोन उन्हाळ्यांची मोजमापं. मागच्या उन्हाळ्यात खाडीच्या तोंडाशी कार्बन थोडा चढलेला दिसला होता, यंदाच्या उन्हाळ्यात पुष्कळच. नुसता चढला असता तर गोष्ट साधी होती. पण त्याच पाण्याच्या दुसऱ्या बाटल्या, काळ्या कापडात गुंडाळून कोमट टाकीत ठेवलेल्या, वेगळंच सांगत होत्या. त्यांत औषधं घालून थेंबाथेंबाने प्राणवायू मोजायचा; निळा रंग एका थेंबाला नाहीसा होतो आणि त्या थेंबावरून कळतं की जिवाणूंनी किती श्वास घेतला. इतका कार्बन चढल्यावर त्यांनी जास्त श्वास घ्यायला हवा होता. घेतला नव्हता. अन्न वाढलं आणि खाणारे तेवढंच खात राहिले. यावर त्याने आणि त्याच्या विद्यार्थिनीने डोकं लढवलं आणि एक विचार मांडला: तापलेल्या पाण्यात असा काही कार्बन तयार होतो की जो जिवाणूंना पचतच नाही, तो नुसता उरतो, साठतो. विचार सुंदर होता. परिषदेत लोकांनी माना डोलावल्या. विद्यार्थिनीचा प्रबंध त्याच्यावर उभा होता, पुढच्या महिन्यात द्यायचा होता, आणि तो मंजूर झाला की दुसऱ्या एका संस्थेत नोकरी तिची वाट बघत होती.

तिला सगळे मुंगी म्हणत. लहानखुरी होती आणि जेव्हा बघावं तेव्हा आपल्यापेक्षा मोठं काहीतरी उचलून नेत असायची. तो पोचला तेव्हा ती बाटल्यांचा क्रेट पोटाशी धरून बोळातून येत होती. तो कार्बनच्या खोलीत गेला, कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, डोळे मिटून हुंगली. नाकात झोंबलं, वास आला नाही. मग तो उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला, जिथे एरवी मुलं उभी राहत, आणि तिला म्हणाला, "क्रेट ठेव. इकडे ये. माझा वास घे."

"काय, सर?"

"अगं वास. मला कसला वास येतो ते सांग."

मुंगीने क्रेट ठेवला. जवळ आली नाही. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सर, म्हणजे... जाईचा."

"कसला?"

"जाईच्या फुलांचा. कपड्यांना येतो. कोटालाही येतो." तो पांढरा कोटही तो घरीच धूत असे, बाहेरच्या धोब्यावर विश्वास नको म्हणून.

"आज येतोय?"

"रोजच येतो, सर. काकू लेकीकडे गेल्या तेव्हापासून."

त्याला बाटली दिसली. निळी, मोठी, न्हाणीघरातल्या फळीवर. बायको गेल्यावर साबणाच्या वड्या संपल्या तेव्हा त्याने दुकानातून कपडे धुण्याचा तो पातळ साबण आणला होता. बाटलीवर पांढरं फूल होतं, पण अशा बाटल्यांवर काही ना काही असतंच. "आणि तू मला सांगितलं नाहीस?" तो म्हणाला.

"तुम्हांला काय सांगणार, सर?" मुंगीचा आवाज एकदम चढला. "तुमच्या नाकाला सांगायचं, वास येतोय म्हणून? मला वाटलं, तुम्हांला येतच असणार. येतोय आणि तुम्ही चालवून घेताय, म्हणजे तेवढा चालत असेल. आणि शिवाय..."

"शिवाय काय?"

"काही नाही."

"अगं बोल आता."

"बाहेर सगळे म्हणत होते," ती क्रेटकडे बघत म्हणाली, "की काकू नाहीत, आणि सरांना कुणीतरी भेटलंय. मग ते कसं विचारायचं?"

त्याला हसू फुटलं. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून आयुष्य काढलं, आणि एका धुण्याच्या साबणाने इतके महिने त्याची अशी शोभा केली. बोळातून जाताना माणसं जरा जास्तच अदबीने बाजूला व्हायची, यंत्रशाळेतला म्हातारा उगाच डोळे मिचकावायचा, ते सगळं आता त्याला कळलं. पण ते नंतर. समुद्राच्या पाण्याच्या कुप्या खोलीत उघडून भरायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नव्हता. तुलनेसाठी लागणारं कोरं पाणी मात्र मुंगी शेजारच्या खोलीत भरायची. म्हणून कोरं पाणी कोरंच राहिलं, आणि समुद्राच्या पाण्यात जाई उतरली. राखून ठेवलेल्या जास्तीच्या कुप्याही त्याच हातांनी, त्याच बाह्यांखाली भरलेल्या. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. टाकीतल्या काळ्या बाटल्या बरोबर होत्या. जिवाणूंनी जेवढं होतं तेवढंच खाल्लं, तेवढाच श्वास घेतला. जे नव्हतंच ते त्यांना कसं पचणार? त्या बिचाऱ्यांनी उन्हाळाभर खरं तेच सांगितलं, आणि या दोघांनी त्यावर सिद्धांत रचला.

हे त्याला मोठ्याने सांगावं लागलं नाही. मुंगी भिंतीला टेकली होती आणि तिचे ओठ हलत होते, आकडे पुन्हा मांडत असावेत. "यंदाचा गेला," ती शेवटी म्हणाली.

"यंदाचा गेला."

"पण सर, मागच्या उन्हाळ्यात काकू होत्या. साबण साधाच होता. मागचा राहतो ना?"

"मागच्या उन्हाळ्यात माझं नाक होतं का, हा प्रश्न आहे," तो म्हणाला. "नाक असेल तर मागचे आकडे खरे. नसेल तर दाराशी कुणीच नव्हतं. त्या वर्षी बोळात रंगकाम चाललं होतं. ती दोन नवी मुलं होती, रोज काही ना काही फासून यायची. मी त्यांना आत सोडलं असेल."

"एका उन्हाळ्यावर प्रबंध होईल माझा," मुंगी म्हणाली. "छोटा होईल, पण होईल. सर, तुम्हीच आठवून सांगा. तुम्ही म्हणाल ते मी धरते."

ती क्रेट उचलून गेली, आणि तो आपल्या टेबलाशी बसून आठवायला लागला. हे काम सोपं नव्हतं. माणसाला वास आलेला आठवतो, न आलेला कसा आठवणार? आणि आलेला तरी खरा आलेला की डोक्याने पुरवलेला, हे आता इतक्या दिवसांनी कोण ठरवणार? त्याने उलटं मागे जायचं ठरवलं. वसंतात, नातू झाल्याचं कळलं म्हणून तो जाऊन दोन दिवस राहून आला होता. बाळाला छातीशी धरल्यावर डोक्याचा वास येतो, दुधाचा आणि झोपेचा, तसा आला होता का? आला होता. पण तसाच तो लेकीच्या डोक्याला यायचा, तेव्हाचाच साठ्यातून निघाला असेल. त्याच्याआधी हिवाळा. बायको गेली आणि आठवड्याभरात त्याला जबरदस्त सर्दी झाली होती. ताप, अंग मोडून आलेलं, कुणी पाणी द्यायला नाही. नाकी नऊ आले होते. सर्दीत वास जातो आणि कुणाकुणाचा परत येत नाही, हे तर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाच गेला असणार. त्याच्याआधी? मागचा उन्हाळा. होडीच्या इंजिनाचा डिझेलचा वास, दोरांचा कुबट वास, ऊन खाल्लेल्या रबराचा. सगळं होतं, हात लावावा इतकं जवळ होतं. एक दिवस मात्र जरा अडकला. खाडीच्या आतल्या अंगाला पाण्यातला प्राणवायू पार संपला होता, मासे पोट वर करून तरंगत होते, आणि नावाडी तोंडाला फडकं गुंडाळून बसला होता. अशा पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास मारतो. त्याला तो दिवस आठवत होता, उन्हाने पांढरं झालेलं पाणी आठवत होतं, नावाड्याचे फडक्यावरचे बारीक झालेले डोळे आठवत होते. वास? फडकं उन्हासाठीही असेल. नावाडी उन्हासाठी फडकं बांधतातच. तो त्या दिवसावरून पुढे सरकला. त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी लेकीचं लग्न झालं होतं. सभागृहात फुलांचे ढीग होते, त्यांचा दरवळ असा की त्याला दोनदा शिंक आली होती. शिंक आली म्हणजे नाक होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? तो दुपारभर असा बसला आणि त्याची समजूत पटत गेली. खोटं बोलतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. सर्दी खरी होती, ताप खरा होता, आणि कारण आणि परिणाम एकापाठोपाठ येतात तसे ते आले होते. निघताना त्याने मुंगीच्या खोलीत डोकं घातलं. "हिवाळ्यातलं आहे ते," तो म्हणाला. "त्या सर्दीने गेलं. मागचा उन्हाळा धर."

"नक्की ना, सर?"

"मला तरी तसंच दिसतंय."

मुंगीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग एकदम हसली. "एक वाचला," ती म्हणाली. "सर, मी आज रात्रीच यंदाच्या उन्हाळ्याचं चौथं प्रकरण काढून टाकते." तिने त्याचे आभार मानले. ते त्याला सबंध रस्ताभर टोचत राहिले, पण कशामुळे ते कळलं नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. आज त्यानेच लावला. दूध, गॅस, शिवणवाल्या ताई हे ऐकताना ती ओरडलीच त्याच्यावर, मग कानाच्या डॉक्टरचं नाव सांगितलं, तेच नाकही बघतात म्हणाली, उद्याच्या उद्या जा म्हणाली. जाईची गोष्ट सांगितल्यावर मात्र ती इतकी हसली की तिकडे बाळ दचकून उठलं. "कोण हो ती?" ती म्हणाली. "नाव तरी सांगा. इथं मी लंगोट धुतेय आणि तिथं तुमच्या अंगाला जाईचे वास!" तोही हसला. दिवसभरात पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. मग त्याने कुप्यांचं सांगितलं, यंदाचा उन्हाळा गेल्याचं सांगितलं, मुंगीचं सांगितलं. "पण मागचा वाचला," तो म्हणाला. "हिवाळ्यातल्या सर्दीने गेलं ना नाक. तू गेलीस त्यानंतर."

बाळाला थोपटल्याचा आवाज येत होता. "हिवाळ्यात म्हणता," ती म्हणाली. "म्हणजे लग्नात वास येत होता तुम्हांला."

"येत होता की. ती फुलं नव्हती का, शिंका आल्या मला."

"मग एक विचारू? इतके दिवस विचारलं नाही."

"विचार."

"त्या दिवशी मी अत्तर लावलं होतं," ती म्हणाली. "लेकीने दिलं होतं, एवढीशी बाटली. म्हणाली, आई, आजच्या दिवस तरी लाव. मानेला लावलं, मनगटांना लावलं. इतक्या वर्षांनी. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमची होडी होती ना, मग मी घाबरलेच होते. गाडीत तुमच्या शेजारी बसले आणि वाट बघत राहिले, आता म्हणाल, आता म्हणाल, जा धुऊन ये म्हणून. तुम्ही बोललाच नाहीत. काच तेवढी वर केलीत. मला वाटलं, वास उडून जाऊ नये म्हणून केलीत." ती थांबली. "मी कुणाजवळ बोलले नाही. म्हटलं, आलाय वास यांना, आणि राहू दिलाय. एक दिवस त्या बाटल्यांपेक्षा आपण वर. आला होता ना?"

तो फोन कानाला लावून खिडकीशी उभा होता. एक 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्याने मागचा उन्हाळा राहत होता, मुंगीचा प्रबंध राहत होता, आणि बायकोची ती संध्याकाळ जिथल्या तिथे राहत होती. कुणी तपासायला येणार नव्हतं, कारण तपासायचं कसं? असलं खोटं बोलायला फार मोठा माणूस लागत नाही आणि त्यात कुणाचं नुकसानही दिसत नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि ती गाडी आठवली. सगळं आलं. तिच्या कानातला खडा आला, मांडीवर ठेवलेली पिशवी आली, काच वर करताना अडकणारं हँडल आलं. गार वारा लागत होता म्हणून त्याने काच वर केली होती. तिची मान आली, केस वर बांधलेले. वास काही आला नाही. त्याच्या डोक्याने आज सकाळपासून दूध दिलं, पाव दिला, पेट्रोल दिलं, गटारसुद्धा दिलं; हा एक वास ते देऊ शकत नव्हतं, कारण तो साठ्यात कधी गेलाच नव्हता. ते अत्तर लावलेल्या आपल्या बायकोचा वास कसा असतो हे त्याला माहीत नव्हतं. ती शेजारी बसून वाट बघत होती आणि दाराशी कुणीच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं, उन्हाळ्याचं नव्हे.

"नाही," तो म्हणाला. "नाही आला."

तिकडे थोपटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. "म्हणजे लग्नाच्या आधीच गेलं होतं म्हणायचं," ती म्हणाली.

"हो."

"मग त्या पोरीचा मागचाही उन्हाळा गेला."

"गेला. उद्या सांगतो तिला."

"हो म्हणून टाकलं असतंत तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मला काय कळणार होतं." फोन कुणी ठेवला नाही. "मी फार खुशीत होते हो त्या दिवशी," ती मग म्हणाली. "तुम्हांला ठाऊक तरी होतं का?"

"आत्ता कळलं," तो म्हणाला.